कौल लावलं, कौल लावला

इंग्रज माणूस कौलं भिंतीवर लावतो. हे कुणी आधी सांगितलं असतं तर हॅरोतलं हे घर बघायला आलो तेव्हा मी दोन प्रश्न जास्त विचारले असते. माझ्या सासरी कोकणात कौल छपरावर असतं. माकडांनी नाचून फोडलं नाही तर जन्मभर जागचं हलत नाही. इथे आमच्या घराच्या दर्शनी बाजूला, खालच्या फुगीर खिडकीच्या वर आणि बेडरूमच्या खिडकीच्या खाली भिंतीचा जो पट्टा आहे, त्यावर तांबड्या चपट्या कौलांच्या रांगा खिळ्यांनी टांगल्या आहेत. महायुद्धाच्या आधीचं घर, आणि सबंध रस्त्यावर प्रत्येक घराच्या पोटावर असाच पट्टा. पाऊस इतर देशांत वरून पडतो, इथे तो समोरूनही येतो, म्हणून ही सोय. घर घेतलं त्या दिवशी नवरा त्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाला होता, "बघ, कौलारू घर मिळालं तुला!" मी गिरगावात वाढले, चौथ्या मजल्यावर, सिमेंटच्या गच्चीखाली. कौलारू घराचं स्वप्न त्याचं होतं, माझं नाही.

या सगळ्या प्रकरणात मला काय हवं होतं ते आत्ताच सांगून टाकते, कारण तेव्हा मला कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. मला हे घर विकायचं होतं. माझे दोन्ही गुडघे गेलेत. एक बदललाय, दुसरा रांगेत आहे, आणि इथली रांग किती लांब असते ते रांगेतल्यालाच ठाऊक. बाथरूम वर, स्वयंपाकघर खाली, मध्ये तेरा पायऱ्या. प्रत्येक पायरीला मी मनातल्या मनात वेगळी शिवी ठेवली आहे. मला स्टेशनजवळ, लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट हवा होता. दवाखाना, लायब्ररी, बरी कोथिंबीर मिळणारं दुकान आणि बुधवारी पत्ते खेळायला जमणाऱ्या माझ्या मैत्रिणी, सगळं सपाट रस्त्यावर. राजवाडा मागत नव्हते.

मग बोलले का नाही? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारलाय. झालं असं की लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी विचारलं, "आमटी करू की पिठलं?" आणि मी नव्या सुनेच्या गोड आवाजात म्हटलं, "मला काहीही चालेल." तिथेच फसले. इंग्लंडला जाऊ या का? काहीही चालेल. जिन्याला गालिचा हिरवा घेऊ की चॉकलेटी? काहीही चालेल. चॉकलेटी आला, अजून आहे, आणि मी त्याच्याकडे रोज तोंड वाकडं करून बघते. चाळीस वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की घरात तेच माझं मत म्हणून धरलं जातं.

तर, फेब्रुवारीत वादळ झालं. इथे वादळांची बारशी करतात. या वादळाला एखाद्या गरीब स्वभावाच्या मावशीला शोभेल असं नाव होतं, आणि मावशीने आमच्या पट्ट्यातली तीन कौलं खाली आणली. त्यातलं एक शेजारणीच्या रिसायकलिंगच्या डब्यावर आपटून फुटलं. शेजारीण म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली एकटी राहणारी इंग्रज बाई, वय ऐंशीच्या पुढे, कपाळावर कधी आठी नाही. दुसऱ्या दिवशी दारातून चिठ्ठी आत सरकली. "मुळीच घाई नाही. पण कधी सवड मिळाली तर, आणि तुम्हाला त्रास होणार नसेल तर, एकदा वर बघाल का?" इंग्रजीत याचा अर्थ होतो की संध्याकाळपर्यंत हललात नाहीत तर मी कौन्सिलला फोन करते. इतकी वर्षं राहून मला एवढं इंग्रजी आलंय.

कौलांचं काम करणारा माणूस बोलावला. त्याने खाली उभं राहून वर बघितलं आणि दातांतून हवा आत ओढली. इथले सगळे कारागीर हा आवाज शिकूनच धंद्यात येतात. आवाज जितका लांब तितकं काम मोठं. हा आवाज इतका लांबला की मला वाटलं माणूस घेरी येऊन पडतोय. मग तो म्हणाला की सगळा पट्टा उतरवावा लागेल, आतले खिळे गंजून संपलेत, ही कौलं आता नुसती सवयीने उभी आहेत. मला त्या कौलांबद्दल एकदम आपुलकी वाटली. वर तो म्हणाला की उन्हाळ्यापर्यंत त्याला सवड नाही आणि तोवर कुणी खाली उभं राहू नये.

"काही गरज नाही त्याची," तो गेल्यावर नवरा म्हणाला. "मी करतो."

माझा नवरा निवृत्त भूलतज्ज्ञ आहे. जन्मभर त्याने लोकांना झोपवलं आणि वेळेवर उठवलं, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट आपण शांतपणे हाताळू शकतो अशी त्याची पक्की समजूत आहे. त्याने यापूर्वी शांतपणे हाताळलेला बाथरूमचा नळ आजही मध्येच किंचाळतो.

रविवारी मुलगा आला. मुलगा इथेच जन्मला, इथेच वाढला, मोठ्या कंपन्यांना काय करावं ते सांगण्याची नोकरी करतो, आणि घरी आला की तीच नोकरी फुकटात करतो. मराठी बोलतो, अगदी आवडीने बोलतो, फक्त लिंगाचा गोंधळ आहे. त्याच्या मराठीत जवळजवळ सगळंच पुल्लिंगी. तो घर, तो भाजी, तो पाणी. तो लहान असल्यापासून मी चूक दुरुस्त करते, तो निमूटपणे तेवढा शब्द परत म्हणतो आणि पुढे जातो. हे आमचं इतकं अंगवळणी पडलंय की आम्हा दोघांनाही ते ऐकू येत नाही.

"बाबा, लिसन," तो फुगीर खिडकीशी उभा राहून म्हणाला. "हा घर आता तुम्हाला झेपत नाही. माझ्या गार्डनमध्ये ॲनेक्स बांधू या. तुम्ही दोघं तिकडे या."

ॲनेक्स म्हणजे परसातली खोली. आमच्या गावी तिथे गुरं बांधतात. मुलगा वॉटफर्डच्याही पलीकडे राहतो, तिथे बस तासाला एक आणि तीही आली तर. मी त्या खोलीत बसून नातवंडांच्या शाळा सुटायची वाट बघायची, असा तो बेत होता. सून भली आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण कुणाच्या परसात जाऊन राहायला मी तुळस नाही.

"घर उत्तम आहे. तीन कौलं पडली म्हणून कुणी घर टाकून जात नाही," नवरा म्हणाला. "तुझ्या आईचा जीव आहे या घरात."

"आय नो. आईला हा घर खूप आवडतो. पण सेफ्टी इज सेफ्टी."

म्हणजे भांडण एवढं पेटलेलं, आणि दोघांचं एकमत कशावर, तर माझ्या मतावर! मी तिथेच होते. हातात भज्यांची ताटली होती.

शेवटी मुलाने कंपन्यांना सांगतात तशी अट घातली. "ओके. तुम्ही स्वतः रिपेअर करा. पण ईस्टरपर्यंत अजून एक जरी कौल पडला ना, तर घर विकायचा."

"विकायचं," मी म्हटलं.

"विकायचं," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आई, यू ओके विथ दॅट?"

आता. आता बोल, मी स्वतःला म्हटलं. तोंड उघडलं आणि आतून काय यावं? "मला काहीही चालेल." स्वतःच्या जिभेला चिमटा काढता येत असता तर मी तेव्हा काढला असता.

जेवणं झाल्यावर दर रविवारसारखा माझ्या नणंदेला व्हिडिओ कॉल लागला. नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, सावंतवाडीच्या बाजूला गावच्या घरात राहते. मी तिला वन्सं म्हणते आणि थोडी टरकूनही असते. मी भांडी आवरत होते. मुलाने आत्याला सगळी बातमी दिली, ती मी पाण्याच्या आवाजातून अर्धवट ऐकली.

"आत्या, घराचा कौल पडला. बाबा आता नवीन कौल लावणार. त्याच्यावरून ठरणार, घर ठेवायचा का विकायचा."

"बरं करतात रे," आत्याचा आवाज आला. "एवढ्या मोठ्या गोष्टीला कौल लावल्याशिवाय हात घालू नये. पण तिकडे कुठे लावणार?"

"फ्रंटला."

"तिकडचं नको. मी इकडे लावून घेते."

"ओह, थँक यू आत्या!" फोन ठेवून मुलगा मला म्हणाला, "आत्या इंडियाहून टाइल्स पाठवतेय की काय?" मी म्हटलं, काहीतरीच, तुला नीट ऐकू आलं नसेल.

मी त्या क्षणी नीट कान दिला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण त्याचं 'कौल पडला' माझ्या कानांना आपोआप 'कौल पडलं' असं ऐकू येतं. वन्संच्या कानांना ही सवय नाही. छपरावरचं ते कौल, ते पडतं, ते लावलं जातं. आणि तो कौल म्हणजे देवाचा. आमच्या गावी कुठलाही मोठा निर्णय असला की गुरव ग्रामदेवतेच्या मूर्तीला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्याला म्हणतात कौल लावला. माझ्या मुलाने एका अनुस्वाराच्या हलगर्जीपणाने हॅरोच्या घराची फाइल देवळात पाठवून दिली, आणि आमच्यापैकी कुणाला पत्ता नाही.

इकडे भिंतीवरच्या सर्जरीची तयारी सुरू झाली. नवऱ्याने आठवडाभर व्हिडिओ बघितले. जुनी घरं पाडून निघालेलं सामान विकणाऱ्या एकाकडून तो कौलं घेऊन आला, कारण नवीन कौलांचं माप जुन्याला लागत नाही. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ती मांडली, ब्रशने घासली, प्रत्येक कौलाच्या दोन भोकांतून उजेडाकडे बघितलं. एवढ्या आस्थेने त्याने माझे एक्स-रे बघितले नव्हते.

शनिवारी सकाळी शिडी लागली. वर तो, खाली मी, दोन्ही हातांनी शिडी धरून. फुटलेलं कौल काढायचं तर त्याच्या वरच्या रांगेतली कौलं हलकेच उचलून धरावी लागतात, म्हणजे खालचं सरकतं. उचलून धरायला काहीतरी पातळ, लांब आणि मजबूत लागतं.

"उलथनं दे," वरून आवाज आला.

"काय?"

"तुझं पोळ्यांचं उलथनं. आणि दुसरं ते लाकडी, डोशाचं."

दिली, काय करणार. शेजारीण खिडकीतून बघत होती. तिने काचेआडून अंगठा वर केला. भारतीय लोक भिंत दुरुस्त करायला स्वयंपाकाची भांडी वापरतात, ही तिची समजूत आता मरेपर्यंत जाणार नाही. दुपारपर्यंत तीन कौलं लागली, शिवाय हलणारी आणखी दोन नवऱ्याने नव्याने बसवली. खाली उतरून तो रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला, कमरेवर हात ठेवून. मीही गेले. "दिसतंय का कुठलं नवं, कुठलं जुनं?" त्याने विचारलं. स्वच्छ दिसत होतं. "छे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध संपलं म्हणून मी बाहेर पडले, तर खिडकीखालच्या लॅव्हेंडरच्या झुडपात एक कौल पडलेलं. अख्खं, साधा टवकाही उडालेला नाही. वर पाहिलं तर पट्ट्यात एक काळी चौकट.

झालं! मला फक्त खिशातला फोन काढून फोटो घ्यायचा होता आणि मुलाला पाठवायचा होता. अट त्याची, कबुली बापाची, साक्षीला लॅव्हेंडर. घर विकलं जाणार, आणि माझ्यावर बोल नाही. ॲनेक्सचं पुढे बघून घेतलं असतं. मी फोन काढलाही. वर बेडरूमचा पडदा अजून बंद होता, आत तो माझं उलथनं उशाशी घेतल्यासारखा विजयी घोरत होता. आणि मी काय केलं? कौल उचललं, पदराला नाही पण कार्डिगनला पुसलं, घरात नेऊन टेबलावर त्याच्या चष्म्याशेजारी ठेवलं आणि चहा टाकला. बिनदुधाचा. गाढवपणाला काही सीमा असते की नाही? मला माझा इतका राग आला की मी दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

तो खाली आला, कौल बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगणार?"

"बरं केलंस," तो म्हणाला. मग खिडकीशी जाऊन त्याने निदान केलं की खिळा चांगला आहे पण आतली लाकडी पट्टी कुजली आहे, त्यामुळे खिळ्याला धरायला काही नाही. म्हणजे कारागीर म्हणाला तेच. फक्त आता ते डॉक्टरांनी सांगितलं म्हणून खरं होतं.

पुढच्या शनिवारी त्याने दोन रांगा सबंध उतरवल्या, नव्या लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि खालून वर कौलं लावत गेला. खरं सांगते, या वेळी काम सुरेख होत होतं. हात सावकाश चालत होता, मुद्दाम दाखवायला नव्हे. मी शिडी धरून उभी होते आणि दुखरा गुडघा मोजून दर पाच मिनिटांनी ठणकत होता. शेवटचं कौल राहिलं होतं. त्याला खिळा मारता येत नाही, कारण वरची रांग आड येते. तांब्याची बारीक पट्टी आत ठोकायची, कौल सरकवायचं आणि पट्टीचं टोक खालून वर वळवायचं, म्हणजे ते त्या आकड्यावर बसतं. त्याच वेळी माझा फोन वाजला. वन्सं. एका हाताने शिडी धरून मी दुसऱ्या हाताने फोन स्पीकरवर टाकला.

"अगो, झालं काम!" वन्सं ओरडल्या. त्या फोनवर नेहमी ओरडतात, समुद्र ओलांडायचा असतो ना. "उजवा दिला देवाने. घर राखा म्हणाला."

"कसला उजवा?"

"कौल गो! तुमच्या मुलाने नाही का सांगितलं, कौल लावून ठरवणार म्हणून? आज लावून घेतला. उजवी पाकळी अशी टपकन पडली की गुरवसुद्धा चमकला."

मला सगळं उलगडायला शिडीच्या एका पायरीएवढा वेळ लागला. हसू की रडू कळेना. पण वरती नवऱ्याला ते आधीच उलगडलं होतं.

"ऐकलंस?" तो वरून म्हणाला. दातांत तांब्याची पट्टी, तरी चेहरा उजळलेला. "देवाचा कौल आहे!"

हे कोण बोलत होतं? याच्या वडिलांनी, हा इंग्लंडला निघाला तेव्हा, याच देवाला कौल लावला होता. देवाने स्पष्ट डावा दिला, जाऊ नको. तेव्हा या गृहस्थांनी वडिलांना पाकळी ओली असली की पडते आणि सुकली की पडत नाही यावर अर्धा तास शास्त्रीय व्याख्यान दिलं आणि विमानात बसले. तेव्हाचा डावा अंधश्रद्धा, आजचा उजवा देवाचा कौल! मला वाटलं शिडी गदागदा हलवावी.

"वन्सं," मी म्हटलं, "देवाला नेमकं काय विचारलंत?"

"तेच, राहतं घर राखावं की मोडावं. गुरव जरा अडला होता. म्हणाला, घरच्या बाईचं म्हणणं काय ते आधी सांगा, त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. मी म्हटलं, तिचं काय विचारायचं, तिला काहीही चालतं."

 घरात एक डॉक्टर आणि एक कन्सल्टंट, शेजारी एक सभ्य इंग्रज बाई, तो दातांतून हवा ओढणारा कारागीर. एवढ्या माणसांतून माझं म्हणणं काय, हे विचारायला सुचलं कुणाला, तर ज्याने मला आयुष्यात दोनदा पाहिलं असेल त्या गुरवाला. आणि त्यालाही उत्तर मिळालं माझंच. माझ्याच तोंडचं, दुसऱ्याने दिलेलं. मी फोन तोंडाजवळ नेला.

"नाही चालत," मी म्हटलं.

"काय गो?"

"मला काहीही चालत नाही, वन्सं. मला हे घर विकायचंय. जिना चढवत नाही मला. आणि मुलाच्या परसातही जायचं नाही. मला स्टेशनजवळ लिफ्टचा फ्लॅट हवाय. देवाला सांगा, गुडघे माझे आहेत."

बोलताना माझा आवाज इतका चढला असावा की शेजारणीची खिडकी उघडली. तिला एक अक्षर कळलं नसणार, पण पहिल्यांदाच तिने अंगठा वर केला नाही. फोनमध्ये नुसती खरखर येत होती. वरती हातोडी थांबली होती. मी वर बघितलं नाही. फक्त त्याचे बूट दिसत होते, शेवटून चौथ्या पायरीवर, एकमेकांना चिकटून.

"हे आधी नाही का सांगायचं?" वन्सं म्हणाल्या, आणि त्या चक्क ओरडल्या नाहीत. "खोट्या म्हणण्यावर लावलेला कौल धरत नाहीत. थांब, उद्या परत लावून घेते."

फोन बंद झाला.  मग वरून त्याचा आवाज आला, अगदी बारीक.

"शिडी सोडू नकोस."

"नाही सोडत," मी म्हटलं.

त्याने शेवटचं कौल सरकवलं, तांब्याचं टोक वर वळवलं, एकदा तळहाताने दाबून पाहिलं आणि सावकाश उतरला. हात धुतले. माझं उलथनंही धुतलं, साबण लावून, दोन्ही बाजूंनी. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"कधीपासून?"

"पहिला गुडघा गेला तेव्हापासून."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कायम कुठल्या ना कुठल्या शिडीवर असता."

तो तसाच मागे वळला. पुढच्या खोलीत जाऊन बसला. मला वाईट वाटलं, का नाही वाटणार? गावातलं कौलारू घर सोडून आलेल्या माणसाने इथे मोठ्या हौसेने एक घर धरलं होतं आणि मी त्याच्या हातात शेवटचं कौल असतानाच ते विकायला काढलं. थोड्या वेळाने मी चहा घेऊन गेले. "पण लावली चांगली ना?" त्याने विचारलं. "फार सुंदर लावलीत," मी म्हटलं, आणि या वेळी ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी वन्संचा फोन आला. माझं म्हणणं जसंच्या तसं, गुडघ्यांसकट, देवापुढे घालून कौल लावला होता. तासभर सगळे डोळे लावून बसले, पण एकही पाकळी पडली नाही. दोन्ही जागच्या जागी चिकटून बसल्या. शेवटी गुरवाला घरी जेवायला जायचं होतं. तो म्हणाला, देव म्हणतोय तुमचं तुम्ही बघा.

ईस्टरच्या रविवारी मुलगा आला. गाडीतून उतरून आधी रस्त्यापलीकडे गेला आणि पट्टा नीट बघितला. एकही कौल पडलेलं नव्हतं. ती कौलं आता भूकंपातही पडली नसती. जेवायला बसल्यावर त्याने दोन्ही हात वर केले.

"ओके, बाबा, यू विन. फेअर इनफ. घर नाही विकायचा."

नवरा ताटातल्या भाताकडे बघत होता.

"विकायचं," मी म्हटलं.

"सॉरी. घर नाही विकायचं," मुलगा सवयीने म्हणाला आणि आमटीची वाटी पुढे ओढली.

"विकायचं," मी पुन्हा म्हटलं.

"आई, मी तेच म्हटलं ना! विकायचं. नाही विकायचं. आता काय चुकला?"

मी काही बोलणार तेवढ्यात नवऱ्याने घास खाली ठेवला.

"अरे," तो म्हणाला, "ती व्याकरण सांगत नाहीये."